बिनडेडलाइनचा मंगळवार

सकाळी साडेसहा

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. ऑक्टोबरचा मधला आठवडा. इथे अजून नीट उजाडलेलं नाही आणि पुण्यात दुपारचे चार वाजलेत. बातमीदार महापालिकेतून, कोर्टातून, आयुक्तालयातून ऑफिसकडे निघालेत आणि वाटेतच प्रत्येकाला फोन येतोय, आज काय देतोस? साडेचारला बैठक. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज धडाधड पडताहेत आणि इथे उशाशी ठेवलेला फोन गुरगुरतोय. ती डोळे न उघडताच तो पालथा घालते.

ही बाई माझ्या कल्पनेतली. पुण्याच्या एका मराठी दैनिकात महापालिका आणि पाणी हे तिचं बीट, नोकरीला पंधरा-सोळा वर्षं झालेली. यंदा ती हार्वर्ड विद्यापीठातल्या नीमन फाउंडेशनची फेलो आहे. तिला नाव देत नाही, आणि तिच्या फोनवर येणारी माणसंही माझीच. बाकीचं, म्हणजे रस्ते, घरं, तास, शिरस्ते आणि होऊन गेलेली माणसं, मात्र खरं आहे. मी स्वतः रात्रपाळीचा उपसंपादक. पान सुटायची वेळ हेच माझं घड्याळ. त्यामुळे एखाद्या पत्रकाराच्या आयुष्यात नऊ महिने डेडलाइनच नसते म्हणजे नेमकं काय होतं, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. एका दिवसापुरतं ते भागवून घेतो.

साडेआठ

मुलाला शाळेत सोडलं. फेलोंनी घरच्यांना सोबत आणावं अशीच फाउंडेशनची पद्धत आहे. नवऱ्याला किंवा बायकोलाही विद्यापीठाचे वर्ग आणि इथले सेमिनार खुले असतात. तिचा नवरा पुण्यात बँकेत आहे, बिनपगारी रजा टाकून आलाय आणि आज सकाळी कुठल्याशा संगीताच्या वर्गाला गेलाय. लग्नानंतर प्रथमच दोघांच्या सुट्ट्या जुळल्यात.

ती फ्रान्सिस ॲव्हेन्यूवरून चालत निघते. रस्ता छोटा, दोन्ही बाजूंना जुनी झाडं. तीस नंबरच्या घरात जॉन केनेथ गालब्रेथ राहायचे. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ, आणि १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेचे भारतातले राजदूत. त्याआधी काही वर्षं तेही फॉर्च्यून मासिकाच्या संपादकवर्गात होते, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

याच केंब्रिजमध्ये १९१० साली एक गोव्याचा माणूस येऊन राहिला होता. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी. पाली शिकण्यासाठी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पायाखाली घातलेला हा माणूस ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डने बोलावला. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचं बिनसलं ते श्रेयावरून, संपादक म्हणून नाव कुणाचं आणि कसं लागणार यावरून. कोसंबींनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात या दिवसांबद्दल लिहिलंय. ग्रंथ हार्वर्ड ओरिएंटल सीरिजमध्ये निघाला तो १९५० साली. तोवर धर्मानंदांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचे चिरंजीव दामोदर मात्र याच गावात शिकले आणि हार्वर्डचे पदवीधर झाले. बायलाइनवरून भांडणं आमच्या डेस्कवर रोज होतात, पण चाळीस वर्षं कॉपी पडून राहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

नऊ

फ्रान्सिस ॲव्हेन्यू, नंबर एक. लिपमन हाउस. वॉल्टर लिपमन हे अमेरिकेतले गेल्या शतकातले सर्वांत दबदब्याचे स्तंभलेखक आणि हार्वर्डचेच विद्यार्थी. त्यांच्या नावाच्या या जुन्या घरात फाउंडेशनचं ऑफिस आहे. स्वयंपाकघरात कॉफी तयार असते. कपाटात ‘नीमन रिपोर्ट्‌स’चे अंक, १९४७ पासूनचे. टेबलावर तिघंचौघं आधीच बसलेत, एक छायाचित्रकार, एक रेडिओवाली, एक पॉडकास्टवाला. कुणालाच घाई नाही. पहिल्या महिन्यात तिला हे अंगावर यायचं. सकाळच्या नऊला पत्रकार इतका निवांत दिसला की आपल्याकडे पहिला संशय येतो, याची नोकरी गेली की काय.

हे घर चालतं कशावर, ते सांगायला हवं. मिलवॉकीत लुशियस नीमन नावाच्या पत्रकाराने १८८२ साली एक नवंकोरं दैनिक हातात घेतलं आणि ‘मिलवॉकी जर्नल’ म्हणून नावारूपाला आणलं. आपल्याकडे ‘केसरी’ निघून तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत आली होती. लुशियस १९३५ मध्ये गेले, त्यांच्या पत्नी ॲग्नेस पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच. ॲग्नेस यांनी मृत्युपत्रात दहा लाख डॉलरहून मोठी रक्कम हार्वर्डला दिली, पत्रकारितेचा दर्जा उंचावण्यासाठी. गंमत अशी की नवराबायको दोघांचाही हार्वर्डशी काडीचा संबंध नव्हता, आणि हार्वर्डला पत्रकारितेची शाळा काढायची अजिबात इच्छा नव्हती. विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांच्यापुढे प्रश्न पडला की या पैशाचं करायचं काय. वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मचा संग्रह करावा असाही विचार झाला. अखेर ठरलं ते असं, की पत्रकारांना पत्रकारिता शिकवायची नाही. नोकरीतल्या पत्रकाराला वर्षभर विद्यापीठात मोकळं सोडायचं, त्याला हवं ते त्याने शिकावं. परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवी नाही. या बेताची कोनंट यांना स्वतःलाच पुरती खात्री नव्हती.

१९३८ च्या शरदात नऊ जण आले. त्यांच्यावर देखरेखीला, क्युरेटर म्हणून, नेमला गेला एक कवी, आर्चिबाल्ड मॅक्लिश. वर्षभरात तो वॉशिंग्टनला काँग्रेसच्या ग्रंथालयाचा प्रमुख होऊन गेला आणि त्या नवांतलेच एक, ‘बोस्टन ग्लोब’चे लुई लायन्स, त्याच्या जागी आले ते पुढची पंचवीस वर्षं. बायकांना जागा मिळायला १९४५ उजाडलं, पहिला कृष्णवर्णीय फेलो त्यानंतरच्या वर्षी आला, आणि परदेशी पत्रकार येऊ लागले ते पन्नाशीच्या दशकात. आजवर सतराशेच्या वर माणसं या दारातून गेलीत.

साडेदहा

जलव्यवस्थापनाचा वर्ग. सव्वा तासाचा. शेजारी एकोणीस-वीस वर्षांची मुलं लॅपटॉप उघडून बसलेली. ती एकटीच वही-पेनवाली, आणि वहीसुद्धा बातमीदाराची, वरून उलटणारी.

प्राध्यापक धरणांच्या आराखड्याबद्दल बोलताहेत. धरण किती मोठं बांधायचं, पावसाळ्यात किती पाणी ठेवायचं आणि किती सोडायचं, हे ठरतं मागच्या पन्नास-शंभर वर्षांच्या पावसाच्या आणि प्रवाहाच्या नोंदींवरून. त्यामागे एक न बोललेलं गृहीत असतं, की पुढचा काळ मागच्या काळाच्या मर्यादेतच वागेल. २००८ साली ‘सायन्स’मध्ये काही जलतज्ज्ञांनी लेख लिहून हे गृहीतच आता मेलंय असं जाहीर करून टाकलं. हवामान बदललं, जुन्या नोंदींचा पट्टा पुरेनासा झाला.

ती वहीत एक चौकोन काढते. चौकोनात लिहिते: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. एकूण २९.१५ टीएमसी. हा आकडा तिला झोपेतही सांगता येतो. जून ते ऑक्टोबर रोज पान दोनवर धरणसाठ्याचा तक्ता जातो, त्यातला शेवटचा रकाना ‘गेल्या वर्षी याच दिवशी’. पंधरा वर्षं ती हा रकाना भरतेय. साठा गेल्या वर्षीपेक्षा कमी असला की मथळा ‘पाणीकपातीचं सावट’, जास्त असला की ‘पुणेकरांना दिलासा’. सगळी चिंता आणि सगळा दिलासा एकाच वर्षाशी तुलना करून. तो रकाना बदलून तिथे काय टाकायला हवं, दहा वर्षांची सरासरी, की किती दिवस पुरेल ते, की धरणातून शहराच्या नळापर्यंत येता येता वाटेत किती मुरतं ते? पुण्यात हा प्रश्न तिला पडला नसता असं नाही. पडलाही असता, सव्वाचारला, आणि साडेचारला बैठक असती.

तास संपताना ती हात वर करते. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला फुटून पुण्यात जे झालं ते ती चार वाक्यांत सांगते, पानशेतचं काम अजून चालू असतानाच पाणी अडवलं होतं हेही सांगते. दर बारा जुलैला हीच बातमी लिहिल्याने वाक्यं घोटलेली आहेत. पोरं टायपायची थांबतात. प्राध्यापक विचारतात, चौकशीचे कागद वाचलेत का? तिने वाचलेले नाहीत. वर्धापनदिनाच्या बातमीला कुणी वाचतं?

अशाच एका वर्गात, १९६५-६६ च्या वर्षात, ‘न्यूजडे’चा एक बातमीदार बसला होता, रॉबर्ट कारो. नगररचनेचे प्राध्यापक फळ्यावर गणित मांडून सांगत होते की महामार्ग अमुक ठिकाणी का होतात, लोकसंख्या किती, जमिनीचा वापर कसा. कारो टिपणं घेत होता आणि अचानक त्याला वाटलं की हे सगळं खोटं आहे. रस्ता तिथे होतो, कारण न्यूयॉर्कचे रस्ते आणि पूल ठरवणाऱ्या रॉबर्ट मोझेसला तो तिथे हवा असतो. लाँग आयलंडच्या सामुद्रधुनीवरच्या एका पुलाला कारोने बातम्यांतून विरोध केला होता, अधिकाऱ्यांनी त्याचं म्हणणं मान्यही केलं होतं, आणि मोझेस एकदा राज्याच्या राजधानीला जाऊन आला तशी सगळ्यांची मतं फिरली होती. निवडून न येता हा माणूस एवढी सत्ता कुठून आणतो, याचं उत्तर शोधत कारो बसला. ‘द पॉवर ब्रोकर’ १९७४ मध्ये निघालं, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. वर्गात शिकलेल्यापेक्षा वर्गात न पटलेलं त्याच्या जास्त कामी आलं.

त्याच्या दहाएक वर्षं आधी अँथनी लुईस याच फेलोशिपवर विधिशाखेत जाऊन बसला, परत जाऊन ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी सर्वोच्च न्यायालय कव्हर करू लागला, आणि गरीब आरोपीला वकील मिळण्याच्या हक्काच्या खटल्यावर त्याने ‘गिडियन्स ट्रम्पेट’ लिहिलं. कोर्ट बीटच्या कुणालाही हे पुस्तक हाती द्यावं.

दुपारी एक

लिपमन हाउसमध्ये जेवता जेवता पाहुण्याचं बोलणं. आज कुणी इतिहासकार आहे. इथलं बोलणं छापायचं नसतं, म्हणून पाहुणे जरा सैल सुटतात. पुण्यात रात्रीचे साडेदहा. डाक आवृत्ती कधीच गेली, आता शहर आवृत्तीची झुंबड. टेबलाखाली फोन थरथरतो. तिचं बीट सांभाळणारा पोरगा.

“मॅडम, झोपलात का?”

“अरे इथे दुपारचा एक वाजलाय. बोल.”

“खडकवासल्यातून विसर्ग वाढवलाय, तेरा हजार क्युसेक. सर विचारताहेत, टीएमसीत किती होतं?”

ती सँडविच खाली ठेवते. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय तो वेग, टीएमसी म्हणजे साठा, शंभर कोटी घनफूट, जवळजवळ २,८३२ कोटी लिटर. एकाचं दुसऱ्यात रूपांतर मधे वेळ घातल्याशिवाय होत नाही. साडेअकरा हजार क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की सुमारे एक टीएमसी होतं.

“किती वाजता वाढवला?”

“नऊला.”

“मग दीड तासाचं टीएमसी काय करायचंय सरांना? राहू दे तो आकडा. भिडे पुलाची काय अवस्था आहे ते विचार, नदीपात्रातल्या गाड्या काढल्यात का विचार. लोकांना ते हवंय.”

“मॅडम, तुमचं पण नाव टाकू का?”

“मुळीच नाही.”

फेलोशिप घेताना लिहून द्यावं लागतं की या काळात व्यावसायिक काम करणार नाही. फोनवर पोराला दोन वाक्यं सांगणं यात बसतं का, याचा तिने एकदा फार विचार केला होता. बायलाइन नक्की बसत नाही. पत्रकाराला नऊ महिने नावाशिवाय ठेवणं हा या सगळ्यातला सर्वांत कडक नियम आहे, असं माझं मत. पगाराशिवाय राहणारे पुष्कळ पाहिलेत.

तीन

हार्वर्ड चौक. मेट्रोच्या तोंडाशी एक ठेंगणी जुनी टपरी आहे. तिथे ‘आउट ऑफ टाउन न्यूज’ होतं, १९५५ मध्ये सुरू झालेलं. जगभरची वर्तमानपत्रं, दोन-चार दिवस शिळी का होईना, इथे मिळायची. २०१९ मध्ये ते बंद झालं.

वाइडनर ग्रंथालय १९१५ चं. टायटॅनिकवर बुडालेल्या हॅरी वाइडनर या हार्वर्डच्या तरुण पदवीधराच्या आईने ते मुलाच्या आठवणीसाठी बांधून दिलं. आत सत्तावन्न मैल शेल्फ. ती तळघराकडच्या मजल्यावर जाते आणि मराठी पुस्तकांच्या रांगेशी बसते. मराठी पुस्तकं अमेरिकेतल्या विद्यापीठांत एवढ्या संख्येने कशी पोचली, याची एक मजेशीर कथा आहे. पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकेने भारताला गहू दिला, त्याची किंमत रुपयांत घेतली, आणि ते रुपये भारतातच खर्चायचे होते. १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकेच्या ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली जाऊ लागली. आपल्या आजोबांनी रेशनच्या रांगेत उभं राहून तो गहू नेला आणि त्याच पैशातून कादंबऱ्या, संतवाङ्मय आणि दिवाळी अंक बोटीत चढले. हे तिला इथल्या ग्रंथपालाने सांगितलं. पाणी बीटच्या बाईला बातमीचा वास आला, पण लिहायची सोय नाही. वहीत टाकून ठेवलं.

पाच

एमआयटीत एका प्राध्यापकाची भेट. रेड लाइनने दोन स्टेशनं. वीस मिनिटांत आटोपलं.

परतताना गाडीत एक हिशेब मीच तिच्या डोक्यात घालतो, कारण तो माझा आहे. अर्जाला पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, वयाची अट नाही, पदवीची नाही. ऐकायला किती मोकळं. पण सगळा व्यवहार इंग्रजीत. आमच्या जिल्ह्याच्या पानांवर सर्वांत चांगली पाण्याची बातमी देतो तो तालुक्याचा वार्ताहर, त्याला मानधन किती हे सांगायची लाज वाटते, आणि दिवाळीला जाहिरातींचं टार्गेट त्याच्याच गळ्यात. त्याला हार्वर्ड कुठून दिसणार? दुसरं असं, की या योजनेचा पाया नोकरीवर होता. मालकाने रजा द्यायची, माणसाने परत यायचं आणि शिकलेलं त्या वर्तमानपत्राला मिळायचं. आता अमेरिकेतही फेलोशिप संपेपर्यंत जागा शिल्लक असेल याची खात्री नसते, फ्रीलान्सर तर कित्येक. डॉ. ना. भि. परुळेकर कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १९३२ साली त्यांनी ‘सकाळ’ काढला. शिकून आलेला माणूस काय करू शकतो याचं मराठी उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पण त्यांनी स्वतःचंच वर्तमानपत्र काढलं, हेही त्यात आलं.

सात

आठवड्यातून एका संध्याकाळी कुणीतरी एक फेलो बाकीच्यांपुढे आपली कहाणी सांगतो. कुठून आलो, या धंद्यात का पडलो, काय पाहिलं. त्याला साउंडिंग म्हणतात. सांगणाऱ्याने आपल्याकडचं काही खाऊ घालायचं, अशी रीत. तिची पाळी डिसेंबरात आहे आणि ज्वारीचं पीठ कुठे मिळतं याची चौकशी आत्तापासून सुरू झालीये.

आज बोलणाऱ्याला परत जायला देश उरलेला नाही. अलीकडच्या तुकड्यांत असे पत्रकार असतात. खोलीत कुणी चमचा वाजवत नाही.

या बाबतीत नीमनच्या इतिहासात एक नाव आहे, नॅट नकासा. दक्षिण आफ्रिकेचा, ‘ड्रम’ मासिकात घडलेला, जोहान्सबर्गच्या ‘रँड डेली मेल’मध्ये स्तंभ लिहिणारा. १९६४ मध्ये त्याला ही फेलोशिप मिळाली. वर्णभेदी सरकारने पासपोर्ट नाकारला आणि निर्गमन परवाना दिला, म्हणजे बाहेर जा, पण पुन्हा येऊ नकोस. तो त्या परवान्यावर केंब्रिजला आला. वर्ष संपलं. जुलै १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका उंच इमारतीवरून पडून त्याचा मृत्यू झाला, वय अठ्ठावीस. त्याच्या अस्थी मायदेशी गेल्या त्या २०१४ मध्ये. दक्षिण आफ्रिकेत आता पत्रकारितेतल्या सचोटीचा पुरस्कार त्याच्या नावाने देतात. शेवटच्या तारखेपर्यंत विद्यापीठ माणसाला सांभाळतं, त्यानंतरच्या सकाळचं काय, हा प्रश्न नकासाच्या वर्षी होता तसाच आजच्या बोलणाऱ्यापुढेही आहे. जेवणं झाल्यावर तिघंचौघं त्याच्याभोवती बसून कुठल्या विद्यापीठात अर्जाची कुठली तारीख आहे याची यादी करतात. ती भांडी विसळायला उठते, तेवढंच तिला करता येण्यासारखं असतं.

दहा

घरी. मुलगा झोपलाय. उद्याच्या वर्गासाठी सत्तर पानं वाचायची आहेत. पुण्यात सकाळचे साडेसात, पेपर दारात पडला असेल. ती ई-पेपर उघडते. पान एक, तळाला दोन कॉलम: ‘खडकवासल्यातून विसर्ग वाढवला’. पोराचं नाव आहे. टीएमसी नाही, ठीक. नदीपात्रातल्या गाड्या आहेत. भिडे पूल कुठेच नाही. खाली सोन्याच्या दुकानाची जाहिरात चार सेंटिमीटर वर सरकलीय, म्हणजे काय झालं असेल ते तिला कळतं. रात्री अकराला शेवटचा परिच्छेद उडवणारा माझ्यासारखाच कुणीतरी.

“मॅडम, पुलाची ओळ डेस्कने कापली.”

“पाहिलं. तू पुलावर गेला होतास?”

“हो, साडेअकरापर्यंत होतो.”

“मग आज तेच दे. आणि सिंचन विभागात जा, चौकशी आयोगाचा अहवाल मिळतो का बघ, पानशेतचा. जुलैची वाट बघू नकोस.”

“त्यात काय बघू?”

“आधी मिळव रे. मग सांगते.”

सत्तर पानांतलं पहिलं पान ती उघडते. पुण्यातून आणखी एक मेसेज येतो, सरांचा: तक्त्याचा शेवटचा रकाना आज रिकामा गेलाय, गेल्या वर्षीचा आकडा कुठे ठेवलायस?